सुट्या भागांचा इतिहास

यंत्राचा इतिहास सांगणारे ते कोणी शोधले व कोणी विकले, येथवर सांगून बहुधा थांबतात. यंत्र बिघडल्यावर पुढे काय झाले, ही हकीकत सहसा कोणी सांगत नाही. आमचे आयुष्य कामगारांत गेले असल्यामुळे आम्हांस ही दुसरी हकीकतच अधिक जवळची वाटते.

संगणकाच्या बाबतीत हा प्रश्न आपल्या देशास नवा नाही. आय. बी. एम. कंपनीने १९७८ साली भारतातील आपला कारभार गुंडाळला, तेव्हा तिची यंत्रे येथेच राहिली. आठशेहून अधिक ठिकाणच्या त्या यंत्रांची निगा सी. एम. सी. या सरकारी कंपनीकडे आली आणि आपल्याच तंत्रज्ञांनी ती चालती ठेविली. कारखानदार गेला तरी यंत्र जगू शकते, हा धडा तेव्हा मिळाला.

पुढे संगणक कचेरीतून घरात आला. १९८२ साली इंग्लंडात सिंक्लेअर कंपनीने ‘स्पेक्ट्रम’ काढला. घरच्या टीव्हीला जोडावयाचा आणि कॅसेटवरून कार्यक्रम चढवावयाचा, असा तो सुटसुटीत संगणक. त्याची ‘स्पेक्ट्रम प्लस’ ही आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ पासून परवाना घेऊन भारतात विकली. १९९० च्या सुमारास तिची बाजारपेठ आटली. असा एक संगणक मुरूड तालुक्यात, काशीद येथे, आमच्या एका निवृत्त सहकाऱ्यांनी अजून जपून ठेविला आहे. परंतु काशीदचा खारा वारा बंद पेटीतही शिरतो. चिपचे पाय गंजतात, सांधे सुटतात आणि एक दिवस पडद्यावर नुसते पट्टे उमटतात. मग मुंबईस ग्रँट रोड स्टेशनाजवळ, आज डॉ. भडकमकर मार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लॅमिंग्टन रोडवर, सुट्या भागांच्या दुकानांतून शोध सुरू होतो.

या शोधात प्रत्येक चिपचे नशीब निराळे असल्याचे दिसते. संगणकाचा मेंदू म्हणजे ‘झेड-८०’. फेदेरिको फाजिन यांच्या झायलॉग कंपनीने तो १९७६ साली बाजारात आणिला व मोस्टेकसारख्या इतर कंपन्यांनाही तो बनविण्याची मुभा दिली. पूर्व जर्मनीत व सोव्हिएत रशियात त्याच्या नकला झाल्या. म्हणून २०२४ साली झायलॉगने मूळ सुट्या चिपच्या मागण्या घेणे बंद केले, तरी जुना साठा जागोजाग सापडतो.

मेमरीची गोष्ट अधिक मौजेची आहे. या संगणकातील ‘४११६’ चिपला वीज तीन दाबांची लागते : पाच, बारा आणि उणे पाच व्होल्ट. उणे पाचचा पुरवठा तुटला, की उरलेल्या दोहोंनी ती जळते. वरच्या मेमरीसाठी सिंक्लेअरने अर्धा भाग सदोष निघालेल्या मोठ्या चिप स्वस्तात घेऊन त्यांचा चांगला अर्धा वापरला. आज त्यांच्या जागी सहज मिळणारी पूर्ण ‘४१६४’ बसते. हे ज्याला ठाऊक, तो कारागीर यंत्र वाचवितो.

तिसरी चिप ‘यूएलए’. ती फेरांटी कंपनीने केवळ या संगणकाकरिता घडविलेली. तिला दुसरा कारखानदार नव्हता आणि तिचा आतील नकाशाही उघड नव्हता. ख्रिस स्मिथ या इंग्रज अभियंत्याने तिचे अंतरंग सूक्ष्मदर्शकाखाली उलगडून २०१० साली त्यावर ग्रंथच लिहिला. त्यानंतर हौशी लोकांनी तिच्या जागी बसणाऱ्या नव्या चिप तयार केल्या. जी विद्या अनेकांच्या हाती होती ती टिकली. जी कुलपात होती ती आधी फोडावी लागली.

परंतु दुकानात मिळणारी जुनी चिप तेथे येते कोठून, हेही विचारले पाहिजे. पुष्कळदा ती भंगारातून येते. कोणी एक मजूर, बहुधा हातमोज्यांवाचून, जुना बोर्ड आचेवर धरून चिप उपटतो. शिशाचा व जळक्या प्लास्टिकचा धूर त्याच्या छातीत जातो. काही ठिकाणी तिचे वरचे अंग घासून त्यावर नवे आकडे छापतात आणि गिऱ्हाईक फसते. आपण चिपच्या किमतीत घासाघीस करितो. त्या मजुराच्या फुप्फुसाची किंमत त्या हिशेबात कोठेच धरलेली नसते.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत या कामगारांची नोंदणी, त्यांचे प्रशिक्षण व त्यांच्या आरोग्याची देखरेख ही जबाबदारी राज्याच्या कामगार खात्यावर टाकली आहे. कलम कागदावर आले, म्हणजे वस्तीत पोहोचले असे नव्हे, हे गिरणगावातील माणसास सांगावयास नको. ग्राहकांकरिता दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यास केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली, हे योग्यच झाले. त्या हक्कात दुरुस्ती करणाऱ्याचा व भाग सोडविणाऱ्याचाही वाटा असला पाहिजे. यंत्रांचे नकाशे खुले व्हावेत, सुटे भाग मिळावेत आणि ते भाग काढणाऱ्यास ओळखपत्र, हातमोजे व योग्य मजुरी मिळावी, ही एकच मागणी आहे. यंत्राला दीर्घायुष्य आणि ते देणाऱ्या हाताला अल्पायुष्य, हा सौदा कामगार चळवळीने मान्य करता कामा नये.