पत, पेढी आणि सभासद : पतपेढीच्या कल्पनेचा भाषांतरित इतिहास

संस्थांचा इतिहास हा बहुधा कायद्यांचा आणि आकडेवारीचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु एखादी संस्था एका समाजातून दुसऱ्या समाजात जाते तेव्हा तिचेही भाषांतर होत असते. तिला नवे नाव मिळते, आणि त्या नावाबरोबर नव्या समाजाच्या नीतिकल्पना तिच्यात शिरतात. दैनंदिन आर्थिक व्यवहारासाठी बँकेऐवजी सभासदांच्या मालकीच्या संस्थेकडे जाण्याची जी प्रथा जर्मनीत पतसंघांच्या, अमेरिकेत ‘क्रेडिट युनियन’च्या आणि आपल्याकडे पतपेढीच्या रूपाने रूढ झाली, तिचा विचार या दृष्टीने करावा, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. बँकेचा ग्राहक आणि पतपेढीचा सभासद यांच्यातील भेद प्रथम शब्दांत निर्माण झाला आणि पुसला गेला तोही प्रथम शब्दांतच, असे या विवेचनातून दिसून येईल.

१. पत आणि साख

इंग्रजीतील ‘क्रेडिट’ या शब्दाच्या मुळाशी विश्वास ठेवणे या अर्थाचे लॅटिन क्रियापद आहे. मराठीतील ‘पत’ हा शब्द त्याचा पर्याय म्हणून नंतर घडवलेला नाही. तो बाजारात आणि घरात आधीपासूनच वावरत होता. पत असते, राहते, जाते. ती घालवता येते, पण विकत घेता येत नाही. उत्तरेकडे ‘पत राखणे’ म्हणजे लाज राखणे, आणि या अर्थाने तो शब्द भक्तिकाव्यातही येतो. हिंदीने पतसंस्थेसाठी मात्र ‘साख समिति’ हा प्रयोग स्वीकारला. ‘साख’चे नाते साक्षीशी आहे. एका भाषेत कर्ज मिळण्याची योग्यता अब्रूशी जोडलेली आहे, तर दुसरीत दुसऱ्याच्या साक्षीशी. पतपेढीच्या व्यवहारात या दोन्ही कल्पना एकत्र नांदतात, कारण तेथे कर्जदाराची अब्रू जामीनदाराच्या सहीने सिद्ध होते.

‘पेढी’ हा शब्द याच्या उलट टोकाचा. पेढी सावकाराची, सराफाची, घराण्याची. ‘पतपेढी’ या समासात सावकाराच्या बैठकीवर सामान्य माणसाची पत नेऊन बसवलेली आहे. कायद्याच्या मराठीने पुढे ‘पतसंस्था’ हा अधिक तटस्थ शब्द रूढ केला, तरी बोलण्यात पतपेढी टिकून राहिली.

व्यापक चळवळीच्या नावांतही असाच भेद आढळतो. मराठी-गुजरातीने ‘सहकार’ पत्करला. त्यात एकत्र काम करण्यावर भर आहे. बंगालीने ‘समवाय’ निवडला. न्याय-वैशेषिक दर्शनात समवाय म्हणजे अवयव आणि अवयवी यांच्यातील अविभाज्य संबंध. तमिळमधील ‘कूट्टुरवु’ या शब्दात एकत्रपणा आणि नाते हे दोन्ही अर्थ आहेत. रवींद्रनाथांनी १९०५ साली पतिसर येथे कृषी बँक काढली आणि पुढे नोबेल पारितोषिकाची रक्कम तिच्यात गुंतवली. त्यांच्या ‘समवायनीति’ या लेखसंग्रहाच्या शीर्षकातील शब्द केवळ शासकीय पारिभाषिक संज्ञा राहत नाही, याचे एक कारण त्या शब्दाच्या या पूर्वेतिहासात आहे.

२. कागदाचे तीन प्रसंग

मराठी मुलखात कर्जाच्या कागदाला स्वतःची अशी परंपरा आहे. तुकारामांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही कथा वारकरी परंपरेने जपली आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून दंगे सुरू झाले. त्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडील खतेपत्रे हिसकावून जाळली. यातील पहिली कृती त्यागाची आणि दुसरी क्रोधाची. एकीत धनकोने स्वतः कागद नाहीसा केला, तर दुसरीत ऋणकोने तो धनकोच्या हातून काढून घेतला.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खन शेतकरी साह्य कायदा केला. त्यामुळे न्यायालयाला व्यवहाराच्या मुळाशी जाण्याचा अधिकार मिळाला. परंतु पुढच्या हंगामात बी-बियाण्याला पैसा कोण देणार, हा प्रश्न तसाच राहिला. विल्यम वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुरंदर तालुक्यासाठी शेतकी बँकेची योजना पुढे मांडली. हिंदुस्थान सरकार तिला अनुकूल होते. १८८४ मध्ये भारतमंत्र्यांनी ती नाकारली.

तिसरा प्रसंग असा की कागद नष्ट न करता त्यावर अनेकांनी सह्या करायच्या. पतपेढीची मूळ कल्पना हीच. जर्मनीत शुल्झ-डेलिच यांनी १८५० मध्ये शहरी कारागिरांसाठी आणि रायफायझेन यांनी १८६४ मध्ये हेडेसडोर्फ येथे ग्रामीण शेतकऱ्यांसाठी अशा संस्था उभ्या केल्या. रायफायझेन यांच्या पद्धतीत क्षेत्र लहान, जबाबदारी अमर्याद आणि राखीव निधी अविभाज्य असे. एकाने बुडविले तर सर्वांनी भरायचे, म्हणून प्रत्येकाने प्रत्येकाला ओळखायचे. ओळख हेच येथे तारण.

३. बडोदे, मद्रास, कलकत्ता, बोस्टन

या कल्पनेच्या भारतातील आगमनाची कथा साधारणपणे मद्रासचे अधिकारी फ्रेडरिक निकल्सन यांच्या १८९५ आणि १८९७ च्या अहवालखंडांपासून आणि १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यापासून सांगितली जाते. परंतु त्याआधीच १८८९ साली बडोदे संस्थानात विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली ‘अन्योन्य सहायकारी मंडळी’ स्थापन झाली होती. गुजरातेत स्थायिक झालेल्या मराठी मध्यमवर्गाने, पाठीशी कोणताही सहकारी कायदा नसताना, परस्परांच्या गरजेसाठी काढलेली ही संस्था. तिचे नावही लक्षणीय आहे. संस्कृत अलंकारशास्त्रात ‘अन्योन्य’ हा स्वतंत्र अलंकार असून दोन गोष्टी परस्परांना शोभा देतात किंवा परस्परांचे कार्य साधतात, असे त्याचे स्वरूप आहे. या नावात बँकही नाही आणि पेढीही नाही. परस्परसंबंध हीच त्या संस्थेची ओळख आहे.

१९०४ च्या कायद्यानंतर नोंदण्या झपाट्याने झाल्या. ऑक्टोबर १९०४ मध्ये कांचीपुरम येथे पहिली नागरी पतसंस्था नोंदली गेली. १९०५ साली धारवाड जिल्ह्यातील गदगजवळच्या कणगिनहाळ येथे कृषी पतसंस्था सुरू झाली. जानेवारी १९०६ मध्ये पुण्यात लष्करी हिशेब खात्यातील नोकरांची परस्पर साहाय्य पतसंस्था आणि तिच्यापाठोपाठ कॉसमॉस नोंदली गेली. त्याच वर्षी मार्च महिन्यात वरवडे येथील विणकरांची पतसंस्था निघाली. कारकून, शेतकरी, विणकर अशी ही यादी आहे. तत्कालीन बँकांचे दरवाजे या माणसांसाठी नव्हतेच.

येथपर्यंतचा प्रवास युरोपकडून भारताकडे झालेला दिसतो. पुढचा टप्पा मात्र उलट दिशेचा आहे, आणि तौलनिक अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे असा आहे. १९०७ साली बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फाइलीन हिंदुस्थानात आले. बंगालमधील सहकारी पतसंस्थांचे काम पाहणारे अधिकारी डब्ल्यू. आर. गोर्ले यांच्यासह त्यांनी खेड्यांतील संस्था पाहिल्या. क्वेबेकमधील लेव्ही येथे आल्फोन्स देजार्दॅं यांनी १९०० साली अशीच लोकपेढी स्थापिली होती. हेन्री वुल्फ यांचा १८९३ चा लोकबँकांवरील ग्रंथ हा त्यांच्या प्रेरणेचा एक स्रोत होता. देजार्दॅं यांच्याच साह्याने १९०८ मध्ये न्यू हॅम्पशरमधील मँचेस्टर येथे, फ्रेंचभाषक गिरणी कामगारांच्या चर्चच्या आश्रयाने, अमेरिकेतील पहिली क्रेडिट युनियन उभी राहिली. १९०९ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने या संस्थांसाठी कायदा केला. त्यामागे फाइलीन आणि देजार्दॅं या दोघांचेही प्रयत्न होते. एका जर्मन कल्पनेचे अमेरिकी रूप घडताना बंगालमधील खेडे हा तिचा एक दुवा होता. केंद्र आणि परिघ या नेहमीच्या आकृतीत हा प्रवास बसत नाही.

४. सभासदाची भाषा

अमेरिकी क्रेडिट युनियनने हा भेद दैनंदिन शब्दांत जपला. तेथे बचतीचे खाते हे ‘शेअर’ खाते असते आणि त्यावरचा मोबदला हा व्याज नसून ‘लाभांश’ असतो. १९७० च्या दशकात धनादेशासारखी सोय सुरू झाली, तेव्हा त्या कागदालाही ‘शेअर ड्राफ्ट’ म्हणण्यात आले. किराणा सामानाचे पैसे चुकते करतानाही माणूस आपल्या मालकीच्या हिश्शातून काढत असतो, असा याचा अर्थ. मत मात्र भाग कितीही असोत, एकालाच एक.

मराठीत या भाषेचा खरा आविष्कार वार्षिक अहवालात झाला. ‘सन्माननीय सभासद बंधू-भगिनींनो’ या संबोधनाने सुरू होणारा, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली वाहणारा, थकबाकीबद्दल संयत खंत व्यक्त करणारा आणि सर्वसाधारण सभेच्या निमंत्रणावर संपणारा हा गद्यप्रकार गेले शतकभर लिहिला जात आहे. त्याकडे साहित्याच्या अभ्यासकांनी जवळजवळ पाहिलेलेच नाही. बँक ग्राहकाला परिपत्रक पाठवते, आणि परिपत्रकाला उत्तर अपेक्षित नसते. अहवाल सभेपुढे ठेवला जातो आणि तो नामंजूरही होऊ शकतो. या दोन गद्यांच्या वाक्यरचनेतील फरक हा सत्तासंबंधांतील फरक आहे.

असे असले तरी सभासदत्वाची भाषा निरपवादपणे उदार होती असे मानता येणार नाही. अमेरिकेत ज्याला ‘समान बंध’ म्हणतात तो कारखाना, चर्च वा वस्ती यांचा होता. आपल्याकडील अनेक आरंभीच्या नागरी पतसंस्था ज्ञातीच्या आधारावर उभ्या राहिल्या. शामराव विठ्ठल (१९०६) आणि सारस्वत (१९१८) ही त्यांची परिचित उदाहरणे. त्या पुढे सर्वांना खुल्या झाल्या हे खरे. पण ओळख हेच तारण असेल, तर जे ओळखीच्या वर्तुळाबाहेर ठेवले गेले होते त्यांची पत मोजायला साक्षीदार कोठून यावेत? भूमिहीन आणि अस्पृश्य मानले गेलेले समाज यांच्यापर्यंत हे ‘अन्योन्य’ सहजासहजी पोहोचले नाही. बंध हा एका बाजूने आधार आणि दुसऱ्या बाजूने कुंपण असतो.

५. विश्वासाचे स्थलांतर

१९१३-१४ च्या सुमारास देशातील अनेक संयुक्त भांडवली बँका बुडाल्या. त्या वेळी ठेवीदारांचा ओघ सहकारी नागरी संस्थांकडे वळला, असे १९१५ च्या मॅक्लॅगन समितीच्या काळातील नोंदींवरून दिसते. लोकांनी दूरच्या बँकेपेक्षा जवळच्या सभासदांवर विश्वास ठेवला.

शंभर वर्षांनंतर उलट चित्र दिसले. २००१ साली माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक अडचणीत आली. २००७ मध्ये बडोद्याच्या त्या आद्य ‘अन्योन्य’वरही रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेच्या खातेदारांना आरंभी केवळ १,००० रुपये काढण्याची मुभा मिळाली. ती बँक जानेवारी २०२२ मध्ये एका लघुवित्त बँकेत विलीन करण्यात आली. नागरी सहकारी बँकेतील ठेवींना विमासंरक्षण आहे आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची मर्यादा पाच लाख रुपये झाली. बिगरबँक पतसंस्थांना मात्र हे संरक्षण लागू नाही. अमेरिकेत क्रेडिट युनियनच्या ठेवींसाठी १९७० पासून स्वतंत्र विमानिधी आहे. म्हणजे पतपेढीचा सभासद आजही मुख्यतः त्या जुन्या तारणावर, संचालकांच्या ओळखीवर, अवलंबून असतो. आणि संस्था हजारो सभासदांची झाली की ती ओळख नावापुरतीच उरते.

या घसरणीची कारणे लेखापरीक्षणात, राजकीय हस्तक्षेपात आणि दुहेरी नियंत्रणात शोधली गेली आहेत, आणि ती योग्यच आहेत. भाषेच्या अभ्यासकाने त्यांत एकाच निरीक्षणाची भर घालावी. संस्था मोठी होऊन ‘बँक’ झाली तेव्हा बोलण्यातून सभासद मागे पडला आणि खातेदार पुढे आला. सर्वसाधारण सभा भेटवस्तू आणि अल्पोपाहार यांपुरती उरली. प्रश्न विचारण्याचा अधिकार कायद्याने काढून घेतलेला नव्हता. तो ज्या संबोधनात राहत होता, त्या संबोधनावरचा लोकांचा विश्वास उडाला होता.

म्हणून बँकेऐवजी पतपेढी हा प्रश्न केवळ व्याजदराचा वा सोयीचा नाही. आपण पैशाच्या व्यवहारात कोणत्या पुरुषात बोलतो, ‘ते’ की ‘आम्ही’, हा त्यातील मूळ प्रश्न आहे. कांचीपुरम, बडोदे, लेव्ही आणि मँचेस्टर येथील आरंभीच्या संस्थांची इतिवृत्ते आणि अहवाल शेजारी ठेवून वाचले, तर या ‘आम्ही’मध्ये कोणाला घेतले गेले आणि कोणाला नाही, याचा भाषावार इतिहास लिहिता येईल. तो अर्थशास्त्राचा म्हणून बाजूला ठेवण्याजोगा विषय नाही. तौलनिक साहित्याभ्यासाने तो आपला मानला पाहिजे.