उच्च रक्तदाब : मापनाचा इतिहास व रुग्णाचे ज्ञान

उच्च रक्तदाबाच्या इतिहासात प्रथम दाब मोजला गेला, मग औषधाचा परिणाम. रुग्णाचे ज्ञान मोजण्याचा विचार उशिरा आला. १८९६ मध्ये इटलीच्या रिव्हा-रोची यांनी दंडावर पट्टा बांधून दाब मोजण्याची पद्धत शोधली. १९०५ मध्ये रशियाच्या कोरोटकॉफ यांनी तिला स्टेथोस्कोपची जोड दिली. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरील परिणाम 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला व भारतीय वनौषधी जगापुढे आली.

औषधे मिळाली, तरी त्रास जाणवत नाही म्हणून गोळी सोडणारे रुग्ण राहिलेच. तुर्कस्तानात तयार झालेल्या व २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २२ विधानांच्या मापनश्रेणीने आहार, औषधे, जीवनशैली व गुंतागुंत यांविषयीचे ज्ञान तपासले. मात्र भिवंडीलगतच्या शेलारसारख्या परिसरात मराठी, हिंदी, उर्दू, तेलुगू बोलणारे यंत्रमाग कामगार राहतात. तेथे छापील प्रश्नावलीने ज्ञानाऐवजी अक्षरओळखच मोजली जाण्याचा धोका आहे. म्हणून प्रश्न रुग्णाच्या बोलीत, तोंडी विचारले जावेत. 'मिठाचे प्रमाण' याबरोबरच लोणचे, पापड, सुकी मासळी यांची नावे त्यांत असावीत. अन्यथा कमी गुण हे रुग्णाचे अज्ञान नव्हे, तर मापनाचाच दोष ठरेल.