सालारजंग पहिले

मीर तुराब अली खान ऊर्फ सर सालारजंग पहिले (१८२९, विजापूर – ८ फेब्रुवारी १८८३, हैदराबाद) हे हैदराबाद संस्थानाचे दिवाण व एकोणिसाव्या शतकातील एक प्रमुख संस्थानी मुत्सद्दी होते. निजामाच्या हातून गेलेला वऱ्हाड प्रांत परत मिळविण्यासाठी त्यांनी दीर्घकाळ प्रयत्न केला. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील वणी, राजूर हा परिसर याच प्रांतात मोडत असे.

== दिवाणपद ==
हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचा खर्च थकल्यामुळे २१ मे १८५३ रोजीच्या तहान्वये वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात गेले. तह करणारे दिवाण सिराज-उल-मुल्क हे सालारजंगांचे काका होत. काही दिवसांतच त्यांचे निधन झाले व वयाच्या २४व्या वर्षी सालारजंग दिवाण झाले.

त्यांनी महसुलाची मक्तेदारी मोडून जिल्हे आखले, पगारी अधिकारी नेमले आणि न्यायालये व पोलीस खाते उभारले.

== १८५७ चा उठाव ==
उठावात सालारजंग इंग्रजांच्या बाजूने राहिले. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाज खान व मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली हैदराबादच्या रेसिडेन्सीवर झालेला हल्ला परतविण्यात आला. मोबदल्यात १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर दुआब निजामाला परत मिळाले आणि ५० लाख रुपयांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिले.

== वऱ्हाडचा प्रश्न ==
१८६९ मध्ये निजाम अफझल-उद्दौला यांचे निधन झाले. वारस महबूब अली खान अल्पवयीन असल्याने सालारजंग सहराजप्रतिनिधी झाले. फौजेच्या खर्चाची अन्य हमी घ्यावी व प्रांत परत द्यावा, ही त्यांची मागणी होती. १८७६ मध्ये ते इंग्लंडला गेले. तेथे त्यांचा मोठा सत्कार झाला. ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली. परंतु भारतमंत्री लॉर्ड सॉल्सबरी यांच्या काळात मागणी मान्य झाली नाही. निजाम सज्ञान होईपर्यंत या प्रश्नाचा विचार होणार नाही, अशी भूमिका सरकारने घेतली.

== मृत्यू व नंतर ==
निजाम सज्ञान होण्यापूर्वीच पटकीने सालारजंगांचे निधन झाले. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन यांनी वार्षिक २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेतले. पुढील वर्षी ते मध्य प्रांताला जोडण्यात आले. त्यामुळे मराठवाडा निजामाकडे राहिला आणि वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली, ही विभागणी स्वातंत्र्यापर्यंत टिकली.