एका लठ्ठ गृहस्थाचें पत्र

इतिहास म्हटला म्हणजे लढाया, तह आणि राजांच्या सनावळ्या, अशी आपली शाळेपासून समजूत झालेली असते. आज ज्या गोष्टीविषयीं बोलण्याचें मीं योजिलें आहे ती कोणत्याहि सनावळींत सांपडावयाची नाहीं. ती आहे एका वृद्ध गृहस्थाच्या पोटाच्या घेराची. तथापि चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या ज्या माणसानें जिना चढतांना मध्येंच थांबून, कोणी पाहत तर नाहीं ना, अशी चोरटी नजर टाकली असेल, त्याला ही गोष्ट परक्या मुलखाची वाटणार नाहीं.

या गृहस्थाचें नांव विल्यम बँटिंग. जन्म १७९६ सालचा, राहणारा लंडनचा. घराण्याचा धंदा अंत्यविधींची व्यवस्था लावण्याचा. सेंट जेम्स स्ट्रीटवरील त्यांच्या पेढीकडे इंग्लंडच्या राजघराण्याचें काम असे. वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन १८५२ सालीं वारला, राणी व्हिक्टोरियाचा पति आल्बर्ट १८६१ सालीं वारला. या दोघांची शेवटची सिद्धता बँटिंगांच्या पेढीनें केली. ज्याचा सारा जन्म शवपेटिकांचीं मापें पाहण्यांत गेला, त्याला स्वतःच्या देहाचें माप पाहून काय वाटत असेल तें तोच जाणे. १८६२ च्या ऑगस्टमध्यें त्याचें वय ६५ वर्षांचें, उंची ५ फूट ५ इंच आणि वजन २०२ पौंड, म्हणजे आजच्या मापानें सुमारें ९२ किलो होतें.

हा माणूस आळशी नव्हता. धंद्यांत त्यानें उभी हयात धांवपळींत काढली होती. आईच्या वा बापाच्या कुळांत कोणी लठ्ठ नव्हतें. परंतु मध्यम वयापासून मेद चढूं लागला आणि साठीच्या पुढें त्याची अवस्था केविलवाणी झाली. बुटाची नाडी बांधण्यासाठीं वांकतां येईना. जिना उतरावयाचा तो पाठमोरा, एकेक पायरी हळूहळू, कारण सरळ उतरल्यास देहाच्या भाराचा हिसका घोट्यांना व गुडघ्यांना सोसवत नसे. गुडघ्यांना पट्ट्या, बेंबीजवळच्या अंतर्गळासाठीं कमरेला आणखी एक पट्टा, जरा श्रम झाले कीं धाप. त्यांत दृष्टि मंदावली आणि ऐकूंहि कमी येऊं लागलें. याहून त्याला बोचे ती लोकांची थट्टा. लठ्ठ मनुष्याची टवाळी करणें हा जगांतील सभ्य माणसांनींहि आपला जन्मसिद्ध हक्क मानलेला आहे. रस्त्यांत, सार्वजनिक गाडींत, सभेंत लोक कांहींतरी बोलत. म्हणून अशा ठिकाणीं जाणेंच तो शक्य तों टाळूं लागला.

उपाय त्यानें कमी केले असें नाहीं. एका नामांकित शस्त्रवैद्यानें व्यायाम सांगितला. बँटिंग नदीजवळ राहत होता. रोज पहांटे उठून तो दोन-दोन तास होडी वल्हवूं लागला. स्नायु बळकट झाले, पण भूक अशी कडाडली कीं ती भागवितां भागवितां वजन उलट वाढलें. अखेर त्याच वैद्यानें व्यायाम सोडा म्हणून सांगितलें! पुढें समुद्रस्नानें झालीं, घोड्यावरची रपेट झाली, लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट येथील झऱ्यांचीं पाणीं पिऊन झालीं, औषधांच्या बाटल्यांची तर गणतीच नाहीं. सुमारें ५० वेळां तुर्की पद्धतीचें बाष्पस्नान घेतलें. त्यांत गेलें ६ पौंड वजन.

येथें क्षणभर आपल्याकडे वळतों. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत अतिस्थूल आणि अतिकृश माणसांचा विचार आहे. मेदानें मार्ग अडल्यामुळें स्थूल माणसाच्या कोठ्यांत वायु फिरत राहतो, तो अग्नि प्रदीप्त करतो, खाल्लेलें लवकर जिरतें आणि पुन्हां खाण्याची वासना होते, असें तेथें सांगितलें आहे. वायु आणि अग्नि या शब्दांचा आजच्या शरीरशास्त्राशीं मेळ बसो वा न बसो, पण स्थूल माणसाचा खरा झगडा भुकेशीं असतो, ही गोष्ट त्या जुन्या वैद्यांनीं अचूक हेरली होती. म्हणूनच त्यांनीं स्थूलासाठीं पचावयास जड पण पोषणाला हलकें असें अन्न सांगितलें: जव, कोद्रा, मूग, कुळीथ यांसारखें. स्थूलतेपेक्षां कृशता बरी, असाहि निर्वाळा त्यांनीं दिला आहे, कारण स्थूलाचा उपचार अधिक कठीण. होडी वल्हवून भुकेला झालेला बँटिंग त्यांना नवलाचा वाटला नसता.

आतां योगायोग पहा. १८६२ च्या उन्हाळ्यांत बँटिंग कानाच्या दुखण्यासाठीं एका प्रसिद्ध वैद्याकडे गेला. त्यानें कानांत डोकावून पाहिलें, कान पुसले, बाहेरून पलिस्तर लावलें. बाकीच्या शरीराचें कसें काय आहे याची विचारपूसहि केली नाहीं. गुण आला नाहीं. पुन्हां त्याच्याकडे जावें तों तो आपल्या वार्षिक सुट्टीवर गेलेला! नाइलाजानें बँटिंगला दुसरा वैद्य शोधावा लागला. हा दुसरा वैद्य म्हणजे विल्यम हार्वे. रक्ताभिसरणाचा शोध लावणारा हार्वे तो नव्हे. तो दोनशें वर्षांपूर्वींचा. या हार्वेनें पॅरिसमध्यें क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाचीं व्याख्यानें ऐकलीं होतीं. यकृत शर्करेसारखें द्रव्य तयार करतें, हा बर्नारचा शोध त्या वेळीं ताजा होता. हार्वेनें असा विचार केला कीं, मधुमेह्याला साखर व पिष्ट वर्ज्य करून बरें वाटतें, आणि जनावरें धष्टपुष्ट करावयाचीं तर त्यांना गोड व पिठूळ खाद्यच चारतात. तेव्हां मेदरोगाचेंहि मूळ तेथेंच कोठें तरी असावें. त्यानें बँटिंगला सांगितलें कीं, तुमच्या कानाचें दुखणें चरबीचें आहे. पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे शक्य तितके सोडा.

बँटिंग चकित झाला, कारण याच पदार्थांवर त्याचा देह उभा होता. सकाळीं दूधपाव किंवा भरपूर दूधसाखर घातलेला चहा आणि लोणी लावलेला पाव. दुपारीं मांस, बिअर, पुष्कळसा पाव आणि पिठाचें पक्वान्न. संध्याकाळीं पुन्हां सकाळसारखेंच. रात्रीं फळांची पोळी नाहीं तर दूधपाव. नव्या नियमांत सकाळीं ४-५ औंस मांस अथवा मासे, दूधसाखरेवांचून चहा आणि एक औंस कोरडा भाजलेला पाव. दुपारीं ५-६ औंस मासे वा मांस, बटाट्याखेरीज कोणतीहि भाजी. संध्याकाळीं २-३ औंस फळें. रात्रीं पुन्हां थोडें मांस वा मासे. याबरोबर दिवसाकाठीं बरीच द्राक्षाची दारूहि त्याला मोकळी होती. हा भाग मात्र, श्रोतेहो, एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज वैद्यांच्या औदार्याचा म्हणून सोडून द्यावा हें उत्तम.

बँटिंगनें यावर एक सुंदर दृष्टांत दिला आहे. घोड्याला घेवड्यासारखीं कडधान्यें चांगलीं, पण म्हाताऱ्या घोड्याला तींच बाधतात. तसे हे वर्ज्य पदार्थ म्हणजे माणसाचीं कडधान्यें होत, असें तो म्हणतो. आपल्याकडे घोड्याला हरभऱ्याची चंदी देतात, तेव्हां हा दृष्टांत आपणांस समजावून सांगावयास नको. त्यांतील मर्म असें कीं, तरुणपणीं जें अन्न अंगीं लागलें तेंच उतारवयांत बाधतें; अन्न वाईट झालेलें नसतें, घोडा बदललेला असतो.

परिणाम पहिल्या पंधरवड्यापासून दिसूं लागला. २०२ पौंडांचे सप्टेंबरच्या प्रारंभीं २०० झाले, महिनाअखेर १९७. पुढें वर्षभर ही उतरण हळू पण अखंड चालली आणि १८६३ च्या सप्टेंबरांत कांटा १५६ वर आला. म्हणजे ४६ पौंड, सुमारें २१ किलो, उतरले. कमरेचा घेर १२। इंचांनीं कमी झाला. हिशेब केला तर आठवड्याला एक पौंडहि पडत नाहीं. हल्लींच्या जाहिरातींत महिन्यांत दहा किलो उतरविण्याचीं आमिषें असतात. बँटिंगचा हा संथपणा मला त्याच्या यशाचें अर्धें कारण वाटतो. तो जिना सरळ उतरूं लागला, बूट स्वतः घालूं लागला, गुडघ्यांच्या पट्ट्या सुटल्या, ऐकूंहि येऊं लागलें.

एक गणित येथें मुद्दाम सांगतों. किलोंतील वजनास मीटरांतील उंचीच्या वर्गानें भागून जो आंकडा येतो तो आज प्रत्येक डॉक्टर पाहतो. ही कल्पना बेल्जियमच्या केटेले या गणित्याची, १८३० नंतरच्या दशकांतली. तिला 'बॉडी मास इंडेक्स' हें नांव मिळालें १९७२ सालीं. बँटिंगचा आंकडा आरंभीं ३३ च्या पुढें होता, शेवटीं २६ झाला. भारतीयांच्या बाबतींत हल्लीं २३ च्या पुढें वजन अधिक आणि २५ च्या पुढें स्थूलता धरतात. म्हणजे आजचा पुण्या-मुंबईचा डॉक्टर वजन उतरलेल्या बँटिंगलाहि स्थूलच म्हणेल. तरीहि त्याचा जिना सुटला तो सुटलाच! पन्नाशीनंतर पुन्हां विशीचा बांधा मिळवूं पाहणारीं आणि तो मिळत नाहीं म्हणून सर्वच सोडून देणारीं माणसें मीं पाहिलीं आहेत. त्यांना हा आंकडा दाखवावासा वाटतो.

मे १८६३ मध्यें बँटिंगनें आपली हकीकत एका छोट्या पुस्तिकेंत लोकांना उद्देशून पत्ररूपानें छापली. पहिल्या दोन आवृत्त्या त्यानें फुकट वांटल्या. मागणी आवरेना तेव्हां तिसरीला सहा पेन्स किंमत ठेवली आणि नफा धर्मादाय दिला. पुस्तिकेचा बोभाटा एवढा झाला कीं वैद्यमंडळी चिडली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानें, यांत नवें कांहीं नाहीं आणि अडाण्यानें वैद्यकांत हात घालूं नये, अशा अर्थाचा शेरा मारला. नवें नाहीं हें एका परीनें खरेंच होतें. फ्रान्समध्यें ब्रिया-सावारँ यानें १८२५ सालींच पिष्टमय अन्नावर ठपका ठेवला होता. पण मग वीस वर्षें बँटिंगला तें कोणीच कां सांगितलें नाहीं, याचें उत्तर टीकाकारांनीं दिलें नाहीं. लोकांनीं आपला कौल दिला तो भाषेंत. 'टु बँट' असें नवें क्रियापद इंग्रजींत रूढ झालें. विशेषनामाचें क्रियापद होणें हा मान थोडक्यांनाच मिळतो, हें व्याकरण शिकविण्यांत जन्म घालविलेल्या माणसाच्या ध्यानांत आल्यावांचून राहत नाहीं. इंग्रजींतून तें आतां बहुतेक लोपलें आहे. स्वीडिश भाषेंत मात्र वजन उतरविण्यासाठीं आहार आवरणें याला आजहि 'बांटा' म्हणतात.

बँटिंगच्या आधींहि असे लोक होऊन गेले. इटलींतील पाडुआचा धनाढ्य आल्विझे कोर्नारो तारुण्यांत चैन करून खंगला आणि चाळिशीच्या सुमारास त्यानें दिवसाला १२ औंस अन्न व १४ औंस द्राक्षासव एवढेंच घेण्याचा नेम धरला. पुढें आप्तेष्टांनीं आग्रहानें दोन-दोन औंस वाढवायला लावले, तर तो आजारी पडला. त्याचें पुस्तक १५५८ सालीं निघालें. स्वतःचें वय मात्र तो वाढवून सांगत असे, असें आजचे संशोधक मानतात. इंग्लंडांतील बाथ येथला डॉक्टर जॉर्ज चेनी तर ३२ स्टोन, म्हणजे २०० किलोंवर गेला होता. तो दूध आणि शाकाहार यांवर उतरला, मध्येंच नियम सुटला तेव्हां पुन्हां फुगला, आणि पुन्हां त्याच आहारानें सांवरला. एकाला दुधानें तारलें, दुसऱ्यानें दूध सोडून सुटका करून घेतली! तेव्हां कोणत्याहि एका पदार्थाला देव वा दैत्य ठरविण्यापूर्वीं या दोघांना समोरासमोर बसवावें. दोघांच्याहि ताटांतून साखर, पक्वान्नें आणि एकंदर अन्नाचा भार उतरला होता, हेंच काय तें साम्य.

व्यायामाविषयीं मात्र बँटिंगचा अनुभव पुरा मानूं नये. नुसत्या व्यायामानें वजन फारसें उतरत नाहीं, हें आजचें शास्त्रहि म्हणतें. परंतु उतारवयांत स्नायु झिजत जातात, आणि आहार तोडून वजन उतरवितांना चरबीबरोबर तेहि जातात. ते राखावयाचे तर पुरेसें प्रथिन आणि अंगमेहनत दोन्ही हवींत. मांसाहार नसलेल्या घरांत त्या प्रथिनाची जागा डाळी, उसळी व ताक यांनीं भरावी लागते आणि भात-पोळीला थोडें सरकावें लागतें. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं आधीं सुमारें दहा वर्षें सँडोच्या पद्धतीनें व्यायाम केला आणि चाळिशीच्या आसपास ते सूर्यनमस्कारांकडे वळले. पुढें संस्थानच्या शाळांत त्यांनीं नमस्कार सुरू केले, आणि त्यांचें नमस्कारांवरील इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं लंडनमध्यें निघालें. ज्यांना मधुमेहाचीं औषधें चालू आहेत किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनीं आहारांत बदल करण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारावें. बँटिंगलाहि हार्वे होता.

त्या हार्वेनेंहि अखेर १८७२ सालीं स्थूलतेवर स्वतःचें पुस्तक लिहिलें. बँटिंगच्या पत्राची चौथी आवृत्ति त्याआधींच, १८६९ सालीं, निघाली होती. उतरलेलें वजन त्याच्याकडे परत आलें नाहीं. १६ मार्च १८७८ रोजीं, वयाच्या ८१ व्या वर्षीं, तो वारला. राजघराण्याच्या अंत्यविधींचें काम त्याच्या घराण्याकडे त्यानंतरहि पन्नास वर्षें, १९२८ पर्यंत, चाललें.