घोड्याच्या बरोबरीने चालणारी माणसे

घोडेस्वाराची पारख आपल्या भाषेत एका शब्दात होते. तो शब्द ‘मांड’. लगाम हातात असतो खरा, पण स्वार घोड्यावर टिकतो तो मांडीच्या पकडीवर, आणि घोडा त्याचे ऐकतो ते टाचेच्या इशाऱ्यावर. मग ज्याच्या पायांतले बळच गेले, त्याने घोड्याच्या वाटेला जाऊ नये, असे कोणीही शहाणा माणूस म्हणेल. या शहाणपणाला ज्या बाईने धक्का दिला, तिच्यापासून आजच्या विषयाला आरंभ करू.

लिस हार्टेल ही डेन्मार्कची नावाजलेली घोडेस्वार. 1944 साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, तिला पोलिओने गाठले. त्या वेळी ती गरोदर होती. मूल सुखरूप जन्मले, परंतु आईचे गुडघ्याखालचे पाय कायमचे लुळे पडले. हळूहळू हात व मांड्या बऱ्याच अंशी सावरल्या आणि बाई पुन्हा घोड्यावर बसू लागल्या. टाचेचे काम त्यांनी पाठीच्या व शरीरभाराच्या सूक्ष्म हालचालींवर सोपविले. घोड्यावर चढताना व उतरताना मात्र दुसऱ्याचा हात लागे, तो शेवटपर्यंत लागला.

ऑलिंपिकमध्ये ‘ड्रेसाज’ नावाची एक स्पर्धा असते. रिंगणात घोड्याकडून ठरलेल्या चाली आणि वळणे नेमकेपणाने करवून घ्यायची, असे तिचे स्वरूप. ती पूर्वी फक्त सनदी लष्करी अधिकाऱ्यांसाठी राखीव होती. हा नियम किती कडक! 1948 साली लंडनमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या स्वीडनच्या संघातला एक स्वार खरा अधिकारी नव्हता, एवढ्या कारणावरून पुढच्या वर्षी ते पदक काढून घेण्यात आले. 1952 साली हेलसिंकीत हा दरवाजा सर्वांना खुला झाला, स्त्रियांनाही. हार्टेलबाई ‘ज्युबिली’ नावाच्या घोडीवर बसून रिंगणात उतरल्या आणि पुरुषांच्या बरोबरीने स्पर्धा करून रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदकाचे मानकरी, स्वीडनचे हेन्री सेंट सिर, यांनी त्यांना आधार देऊन विजयमंचावर नेले. 1956 साली बाईंनी दुसरे रौप्यपदक मिळविले.

पदके एका व्यक्तीची. इतिहास पुढे सरकला तो मात्र ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत अशा माणसांमुळे. पायांत बळ नसलेली बाई जर ऑलिंपिकपर्यंत जाते, तर आमच्या मुलांना निदान घोड्यावर का बसवू नये, असा विचार युरोपातील व्यायामोपचार करणाऱ्यांमध्ये बळावला. 1969 साली ब्रिटनमध्ये ‘रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन’ स्थापन झाली. त्याच वर्षी उत्तर अमेरिकेतही या कार्याची संस्था निघाली. 1996 साली अॅटलांटाच्या पॅरालिंपिकमध्ये अपंग घोडेस्वारांच्या स्पर्धेला स्थान मिळाले.

घोड्यात असे काय आहे? घोडा संथ पावलांनी चालू लागला की त्याची पाठ स्वाराच्या कमरेला पुढेमागे, डावीउजवीकडे आणि थोडीशी वळवीत हलविते. माणूस स्वतः चालतो तेव्हा त्याची कंबर जवळजवळ अशीच हलते. म्हणजे जे मूल कधी धड चालले नाही, त्याच्या शरीराला चालण्याचा अनुभव घोडा आपल्या पाठीवरून देतो. तोल सावरण्याचा प्रयत्न पाठ व पोटाचे स्नायू आपोआप करू लागतात. यामुळे रोग समूळ जातो असे नव्हे. परंतु मेंदूच्या इजेमुळे अंग आखडलेल्या काही मुलांच्या बसण्यात व तोलात सुधारणा दिसते.

आता हे काम प्रत्यक्षात चालते कसे, ते पाहा. एका मुलामागे बहुधा तीन माणसे लागतात. एक जण घोड्याचा दोर धरून पुढे चालतो. त्याने घोड्याकडेच लक्ष द्यायचे. दोघे दोन बाजूंनी चालतात. त्यांनी मुलाकडेच लक्ष द्यायचे. मुलाच्या मांडीवरून हात नेऊन खोगीर धरायचे आणि रिंगणाला फेऱ्या घालायच्या. थोड्याच वेळात खांदा भरून येतो. शिवाय खरारा आहे, तबेल्यातली लीद काढणे आहे. आपल्याकडे पूर्वी जे काम पगारी मोतद्दार करीत, ते येथे गृहिणी, विद्यार्थी व निवृत्त मंडळी विनावेतन करतात. एवढी माणसे पगारावर ठेवायची म्हटली, तर बहुतेक केंद्रांना दारे बंद करावी लागतील.

पण शारीरिक कष्ट हा या सेवेतला सोपा भाग. अवघड भाग आहे हात काढून घेण्याचा. मूल डावीकडे कलले की धरण्याचा मोह होतो. पण प्रत्येक वेळी धरले तर तोल त्याचा होत नाही, धरणाऱ्याचाच राहतो. वेळेवर धरले नाही तर मूल पडेल. या दोहोंमधली रेघ ओळखणे, हीच या स्वयंसेवकाची विद्या. मुलाचा तोल जसा पक्का होत जाईल, तसा आधी एका बाजूचा हात सुटतो, मग दुसऱ्या बाजूचा. ज्या दिवशी आपली गरज उरत नाही, तो त्याच्या यशाचा दिवस.

भारतातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण 2011 साली आढळला आणि 2014 साली आपला भाग पोलिओमुक्त म्हणून जाहीर झाला. हे फार मोठे कार्य झाले. तरी अन्य कारणांनी पांगळी झालेली मुले घरोघरी आहेत, आणि त्यांच्याविषयी आपली दया बहुधा उचलून घेण्यापुरतीच असते. हेलसिंकीत सेंट सिर यांनी हात दिला तो विजयमंचाशी. रिंगणात बाई एकट्याच होत्या. हात कोठे द्यावा आणि कोठे देऊ नये, एवढे जरी आपण या हकिकतीतून घरी नेले, तरी घोडा जवळ नसलेल्या माणसालाही ही सेवा करता येईल.