दादांची कॅसेट आणि नातवाचं मॅशअप

काचीगुड्याच्या आठवणींत आज एका कॅसेटची गोष्ट.

1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात गेला. आमचे वडील, म्हणजे दादा, रेल्वेच्या नोकरीमुळे इथेच राहिले. दिवसा 1916 साली बांधलेल्या त्या स्टेशनात काम, गुरुवारी रात्री घरी भजन. 1982 मध्ये पैसे साठवून मी टेपरेकॉर्डर घेतला आणि त्यांचा एक अभंग भरून ठेवला. दोन वर्षांनी दादा गेले. आवाज तेवढा राहिला.

मागच्या वर्षी नातू म्हणाला, "आजोबा, पणजोबांच्या अभंगावर माझं गाणं बसवू. मॅशअप करू!" म्हणजे दोन वेगळी गाणी एकमेकांवर अशी ठेवायची की ताल आणि सूर दोन्ही जुळले पाहिजेत. 2004 मध्ये अमेरिकेच्या डेंजर माउसने बीटल्सचं संगीत आणि जे-झीचं रॅप मिसळून 'ग्रे अल्बम' केला, तेव्हा हा प्रकार फार गाजला होता म्हणे.

आता सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं? कर्जाचा अर्ज तपासावा तसा मी कागद-पेन घेऊन बसलो. एफएल स्टुडिओ 1997 मध्ये फ्रूटीलूप्स या नावाने आलं. तालाचे तुकडे रचायला चांगलं. 2001 चं एबलटन लाइव्ह गाणं ताणून ठरलेल्या लयीत बसवतं. दोन्ही विकतची. ऑडॅसिटी 2000 पासून फुकट आहे, आणि त्यात वेग, लय, सूर बदलायची तीन वेगळी साधनं आहेत.

मला वेगाचंच साधन हवं होतं. दादा काळी एकमध्ये गायचे. कॅसेट वाजत होती पांढरी एकमध्ये! घरच्या पेटीशी ताडून पाहिलं. भरताना टेप जरा जोरात पळाली असणार, म्हणून आता आवाज अर्धा सूर खाली. वेग सुमारे 6 टक्के वाढवला आणि दादा जागेवर आले. हिशोब टॅली झाला!

नातवाने आधी एबलटनची चाचणी प्रत लावून बघितली. लय अगदी घड्याळासारखी सरळ झाली. पण शेवटच्या चरणाआधी दादा दम घ्यायला थांबायचे, शेवटी शेवटी त्यांना धाप लागायची. तो थांबा ताणाताणीत पार बिघडला. ती सोय बंद ठेवता येते, हे खरं. पण नातूच म्हणाला, "नको आजोबा, मीच त्यांच्यामागे गातो." मग ऑडॅसिटीत दादांचा आवाज जसाच्या तसा ठेवला. कानाला हेडफोन लावून पोरगा त्यांच्या लयीत गायला. ते थांबले तिथे हाही थांबला.

तुमच्याही माळ्यावर कॅसेट असेल. आधी ती संगणकात उतरवून घ्या, मूळ प्रत बाजूला ठेवा, मग काय ते प्रयोग करा. टेप काही कायम टिकत नाही हो.