पांढरीचं ओझं

आमच्याकडे गावच्या जमिनीला दोनच नावं. पीक देते ती काळी आणि वस्ती वसते ती पांढरी. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात पायाचं पाऊल आत जाईल अशी भेगाळते. तिचं घर होत नाही. पांढरी चिकट आणि चिवट. एकदा बसली की तिच्यातून पाणी सहजी आत शिरत नाही. म्हणून लातूर-उस्मानाबादकडच्या माळवदांवर पिढ्यान् पिढ्या पांढरीच पडत आली.

माळवद म्हणजे मातीचं सपाट छत. खाली लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडं आणि फळ्या, वर पाला-काटक्या, आणि सगळ्यांच्या वर पांढरी. दोन तुळयांमधल्या जागेला खण म्हणायचं. घर किती मोठं हे कुणी फुटांत सांगत नसे, 'सात खणाचा वाडा' म्हटलं की ऐकणाऱ्याला कळायचं. भिंती काळ्या दगडाच्या, मातीत बसवलेल्या, दोन-अडीच हात रुंद. खिडक्या जवळजवळ नाहीतच. उजेड यायचा छतातल्या साण्यातून, आणि चुलीचा धूर जायचाही तिथूनच.

या घराला कुणी नकाशा काढला नव्हता, पण त्यामागं हिशेब होता. आमच्या भागात वर्षाचा पाऊस सातशे-आठशे मिलिमीटर, म्हणून कोकणासारखं उतरतं छप्पर लागत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. दिवसभराचं ऊन जाड भिंतीतून आत पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची, आणि तोवर माणसं अंथरुणं घेऊन माळवदावर गेलेली असायची. दगड शिवारातला, माती गावातली, लाकूड बांधावरच्या लिंबा-बाभळीचं. घर पडलं तरी त्यातलं काही वाया जात नसे.

मृगाच्या आधी आबा दरवर्षी माळवदावर पांढरी टाकायचे. आम्ही पोरं पाट्या वर द्यायचो. आजी खालून ओरडायची, "कोपऱ्यावर टाक रं, तिथंच गळतंय!" जुनी माती काढायची असते हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. थरावर थर चढत गेले. माझ्या लहानपणी माळवदाची माती दोन फुटांच्या वर गेली होती. दहा बाय बाराच्या खोलीवर दोन फूट माती म्हणजे दहा टनांच्या आसपास ओझं. त्या ओझ्याखाली आम्ही गार झोपत होतो.

पुढं आबांनी मागच्या अंगाला एक खोली वाढवली. तोवर लाकूड महागलं होतं. बांधावरची मोठी झाडं केव्हाच गेली होती. आबांनी खांबांचा खर्च वाचवला आणि तुळया सरळ भिंतीवर टेकवल्या. तेव्हा गावात पुष्कळांनी तसंच केलं होतं. भिंतीतही फरक पडला होता. भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारे लांब आरपार दगड घालायचे ते राहून गेले. बाहेरून एक दगडी रांग, आतून एक, मधे चिपा आणि माती. वरून गिलावा झाला की भिंत जुन्या भिंतीसारखीच दिसायची.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गौरी-गणपतीला आलेली धाकटी आत्या विसर्जन बघून जाते म्हणून राहिली होती. रात्री म्हणाली, "म्या मागच्या खोलीत टेकते. तिथं गार हाय."

पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना जमीन हलली.

किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत त्या पहाटे काय झालं ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. सरकारी आकडाच आठ हजारांच्या जवळ गेला. आमचं गाव जरा लांब, त्यामानानं पडझड कमी. पुढच्या सोप्याच्या भिंती ढासळल्या, दगड बाहेर पडले, पण खांब उभे राहिले आणि खांबांनी माळवद पेललं. आजी त्याच्या खालून चालत बाहेर आली. मागच्या खोलीत भिंती फाकल्या आणि तुळयांना टेकायला काही उरलं नाही. आत्याला काढायला दुपार झाली.

त्यानंतर माणसं दगडामातीच्या घराला भ्यायला लागली. साहजिकच होतं. बावन्न गावं नव्या जागी वसली, सिमेंटची घरं आली. जी गावं जुन्या जागीच राहिली, तिथं इंजिनिअर लोक घरं मजबूत कशी करायची ते सांगत फिरले. माळवदावरची माती कमी करा, पाण्यासाठी मातीखाली प्लास्टिकचा कागद घाला, खांब आणि तुळईच्या कोनात तिरप्या पट्ट्या ठोका, भिंतीला भोकं पाडून आरपार सांधे भरा, वरून घराला पट्टा बांधा. आबा सगळं ऐकून घेत होते. आरपार सांध्याचं आलं तेव्हा म्हणाले, "हे तर आमचा म्हातारा सांगायचा." आणि उठून गेले.

पुढचा सोपा आम्ही तसाच दुरुस्त केला. माती उतरवायला चार दिवस लागले. आबांनी एकही पाटी दुसऱ्याला उचलू दिली नाही. मागच्या खोलीच्या जागेवर त्यांनी पुन्हा काही बांधलं नाही. तिथं तुळस आहे.

भूकंपाच्या नकाशात आमचा भाग तेव्हा सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली तो वरच्या, तिसऱ्या पट्ट्यात घातला. आबांनी नकाशा पाहिला असता तरी खांब वाचवलेच असते, असं त्यांनी स्वतःच मला एकदा सांगितलं. लाकूडच नव्हतं.

आता भावाचं स्लॅबचं घर शेजारी आहे. मे महिन्यात दुपारी सगळे जेवून जुन्या सोप्यात येऊन पडतात. मृगाच्या आधी भाऊ माळवदावर चढतो, आधी जुनी माती खरवडून खाली टाकतो, मग नवी पसरतो. हातात एक काडी असते, वीतभर मापाची. ती मातीत खोचून बघतो. काडी बुडली की पाटी खाली.